क्लिपलेस पेडल घेण्यापूर्वी: शूज, क्लीट आणि आपली काळी माती

दोन वर्षे सपाट पेडलवर माउंटन बाइक चालवल्यानंतर तुम्हाला आता क्लिपलेस, म्हणजे शूज अडकवायचे, पेडल घ्यायचे आहेत. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाभोवतीच्या मुरमाड वाटा आणि महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट एवढी तुमची फिरस्ती आहे. भावाचे रोड सायकलचे तीन बोल्टवाले पेडल घरात पडून असल्याने तेच चालतील का, असेही तुम्ही विचारले आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ते चालणार नाहीत. रोडची क्लीट, म्हणजे शूजच्या तळव्याला बोल्टने बसणारा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, प्लास्टिकची, मोठी आणि तळव्याबाहेर आलेली असते. सायकल ढकलत मुरमावरून शंभर पावले चाललात तरी ती झिजू लागते, आणि खडकावर पाय घसरतो ते वेगळेच. माउंटन बाइकची दोन बोल्टची क्लीट धातूची आणि लहान असते व रबरी तळव्याच्या खाचेत आत बसते, त्यामुळे उतरून चालता येते. आपल्याकडे उतरून चालण्याची वेळ वारंवार येते. शिवाय या प्रकारचे बहुतेक पेडल दोन्ही बाजूंनी अडकतात, त्यामुळे ओढा ओलांडल्यावर चढावर लागताना पेडलची कोणती बाजू वर आहे हे पाहावे लागत नाही.

पायाला पेडलशी जोडणाऱ्या पेडलला ‘क्लिपलेस’ का म्हणतात, हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक नवख्याचा होतो. जुन्या काळी पेडलवर बोटांसाठी पिंजरा आणि पट्टा असे, त्याला टो क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. लुक कंपनीने १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंगवरून रोडसाठी असे पेडल आणले आणि शिमानोची दोन बोल्टची एसपीडी पद्धत १९९० मध्ये आली. आज दुकानात तुम्हाला बहुधा हीच एसपीडी दिसेल.

माझे मत स्पष्ट आहे: पैशांचा मोठा वाटा शूजवर घालावा आणि पेडल साधे घ्यावेत. एम५२० हे शिमानोचे जुने, साधे मॉडेल किंचित जड आहे, पण ते वर्षानुवर्षे चालते. हलक्या पेडलमुळे वाचणारे काही ग्रॅम तुळजापूरच्या घाटात तुम्हाला जाणवणार नाहीत, परंतु बोटे दाबणारा शूज तिसऱ्या वळणापासून जाणवू लागेल. शूज संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना आणि सायकलिंगला वापरता तेच मोजे घालून पाहावेत, कारण आपल्या उन्हात दोन तासांनंतर पायाचे माप सकाळचे राहत नाही. टाच अजिबात उचलली जाऊ नये, मात्र बोटे मोकळी हलली पाहिजेत. तळवा शर्यतीच्या शूजइतका कडक नको. हाताने वाकवल्यावर बोटांकडे थोडा वाकावा आणि क्लीटच्या जागी मुळीच वाकू नये. वेल्क्रोच्या पट्ट्यांबाबत एक अनुभव सांगतो. पावसाळ्यानंतर नान्नजकडच्या माळावर कुसळे पिकलेली असतात, ती वेल्क्रोत अशी घुसतात की दुसऱ्या हंगामात पट्टी धरतच नाही, आणि शूजच्या जाळीतून आत येऊन मोज्याला टोचतात ती वेगळीच. म्हणून मी नाडीचे, वर झाकण असलेले आणि पुढून बंद असलेले शूज घेतो, उकाडा थोडा सोसावा लागला तरी.

आता पेडलच्या निवडीतला खरा मुद्दा, म्हणजे चिखल. काळी माती पहिल्या पावसानंतर खाचेत आणि स्प्रिंगमध्ये थापली जाते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. क्रँकब्रदर्सचे चार बाजूंनी अडकणारे, अंड्याच्या फेटणीसारखे दिसणारे पेडल अशा चिखलात चांगले मोकळे राहतात. मात्र त्यांची नेहमीची क्लीट पितळेची असल्याने खडकाळ वाटेवर चालल्यास ती पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजते, आणि पाय धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येत नाही. एसपीडीत तो करता येतो. त्यामुळे पहिल्या जोडीसाठी मी एसपीडीच सुचवीन आणि पावसाळ्यातले दोन महिने सपाट पेडल पुन्हा बसवीन, त्यात कमीपणा काहीच नाही. दोन्ही कंपन्यांच्या क्लीट एकमेकींच्या पेडलमध्ये बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

एसपीडी घेताना नेहमीच्या काळ्या एसएच५१ क्लीटऐवजी एसएच५६ क्लीट मागा. पहिलीतून टाच बाजूला फिरवूनच पाय सुटतो. दुसरीतून अन्य काही दिशांनीही सुटतो, त्यामुळे समोर अचानक म्हशी आल्यावर गडबडीत पाय ओढला तरी सुटण्याची शक्यता अधिक असते. तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने दोन्ही पेडलच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे स्प्रिंगच्या ताणाचे एकूण चार स्क्रू, उणे चिन्हाकडे अगदी सैल करा, आणि वाढवायचे झाल्यास चारही ठिकाणी टिकटिक मोजून सारखेच वाढवा.

क्लीट बसवण्यावर मात्र एक संध्याकाळ खर्च करा. शूज घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड बोटाने चाचपा आणि शूजच्या कडेला खडूने खूण करा. करंगळीच्या मुळाशीही तशीच खूण करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान, आणि खडबडीत वाटांसाठी किंचित टाचेकडे यावा. टेबलावर बसून पाय मोकळे सोडल्यावर पाऊल ज्या कोनात लोंबते, त्याच कोनात क्लीट ठेवा. गुडघा आतून किंवा बाहेरून दुखू लागला, तर पहिला संशय या कोनावर घ्या.

बोल्ट चार मिलिमीटरच्या ॲलन कीने पाच ते सहा न्यूटन-मीटर घट्ट करावेत आणि आट्यांना थोडे ग्रीस लावावे. यात मी एकदा आळस केला. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे राहिले, त्यातला एक वाटेत कुठेतरी पडला, आणि एकरुख, म्हणजे हिप्परगा तलावाच्याच, बांधाजवळ थांबायला गेलो तेव्हा टाच फिरली, शूज फिरला, पण क्लीट जागच्या जागी पेडलमध्येच राहिली. एकाच बोल्टवर क्लीट शूजखाली गरगर फिरत होती. मी सायकलसकट बाभळीच्या बाजूला आडवा झालो. शेवटी नाडी सोडून पाय शूजमधून काढला आणि पेडलला लटकलेला शूज घेऊन एका मोज्यावर उभा राहिलो. तेव्हापासून चार मिलिमीटरची की आणि एक जादा बोल्ट सीटखालच्या पिशवीत असतो.

सरावासाठी रस्ता नको. भिंतीला हात टेकवून प्रत्येक पायाने तीस-चाळीस वेळा अडकवा आणि सोडवा, मग मैदानावर गवतात. थांबण्याआधी, सायकल चालती असतानाच पाय सोडण्याची सवय लावा; सात रस्त्याच्या सिग्नलला लोकांसमोर उभ्या उभ्या आडवे होणारे बहुतेक जण थांबल्यानंतर पाय सोडायला जातात.

पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. सायकलवाल्याकडे नेलेत तरी बसवण्यापूर्वी आट्यांना ग्रीस लावायला सांगा. शूज घेतल्यावर तळव्याचा आणि खडूच्या खुणांचा फोटो इथे टाकलात, तर क्लीट किती मागे घ्यावी हे मी पाहून सांगेन.