खुर्ची घे, पडायच्या आधी घे

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, सकाळी परत वाचला. उत्तराला दोन दिवस लागले कारण टाइप करताना उजवा खांदा दहा मिनिटांत ठणकायला लागतो आणि फोन खाली ठेवावा लागतो. त्या खांद्याचं पुढे सांगतेच. धीर धर, सगळं छान होईल वगैरे मी लिहिणार नाहीये, ते सांगणारे तुझ्याकडे भरपूर असतील. लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, कमरेचे-खांद्यांचे स्नायू हळूहळू झिजवणारा आजार, रिपोर्ट तू स्वतः वाचलायस, आजाराचं तुला माझ्याहून जास्त कळतं.

पण एक वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले बाहेर फिरायला व्हीलचेअर घ्या, आणि तुझी आई म्हणाली, "आमच्या बाई बघ, पायात लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी, तरी रोज दोन मजले चढून वर्गावर यायच्या, आणि तू चोविसाव्या वर्षी खुर्चीत बसणार?"

अगं, तुझ्या आईने पाहिलं ते खरंच आहे. १९९० साली ती माझ्या नववीच्या वर्गात होती, खिडकीजवळ बसायची, भूमितीत हुशार. पण तिने मला तासाच्या घंटेपासून घंटेपर्यंतच पाहिलं. त्याच्या पुढचं कुणी पाहिलंच नाही, कारण मी पाहू दिलं नाही. आणि आता तेच अर्धं चित्र तुझ्यासमोर धरलं जातंय, म्हणून उरलेलं अर्धं मलाच सांगितलं पाहिजे. आधी उत्तर देते, कारणं नंतर. खुर्ची घे. पडायच्या आधी घे.

मला पोलिओ झाला तो कोयनेच्या भूकंपाच्या साली, १९६७ ला. भूकंप डिसेंबरात झाला, मला ताप त्याच्या दोन महिने आधी आला, दीड वर्षाची होते. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सकाळी उजवा पाय लुळा. पोलिओच्या तापात इंजेक्शन दिलं की पाय जाण्याचा धोका वाढतो हे फार नंतर कळलं, त्या डॉक्टरांना ते माहीत असेल असं मला वाटत नाही. आईने तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून पारव्याचं रक्तही चोळलं. बारा वर्षांची होईपर्यंत मी गुडघ्यावर हात दाबून चालायचे, प्रत्येक पावलाला वाकायचं, हाताने मांडी मागे रेटायची, मग पुढचं पाऊल. तू लिहिलंयस ना, खाली बसलीस की मांड्यांवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उठतेस म्हणून, तो हात मी ओळखते गं. मिरजेहून कॅलिपर आणला तेव्हा माझा हात पहिल्यांदा मोकळा झाला.

कॅलिपर म्हणजे काय ते तू पाहिलं नसशील. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याला लॉक. उभं राहिलं की लॉक बसतं, बसताना ते हाताने उघडावं लागतं आणि खट्ट असा आवाज येतो. साडीमुळे कॅलिपर दिसायचा नाही पण हा आवाज झाकता यायचा नाही. चाळीस-पन्नास पोरं एकदम गप्प व्हायची. पहिल्याच वर्षी ते लक्षात आलं आणि मी वर्गात बसणंच सोडून दिलं. पस्तीस मिनिटांचा तास, दिवसाला सहा तास, सगळे उभ्याने. तुझ्या आईला वाटलं बाईंची केवढी जिद्द. मी एक आवाज लपवत होते फक्त.

आणि जिना. अडतीस पायऱ्या. १९९५ च्या सुमारास हेडसर स्वतःहून म्हणाले, बाई, तुमचे वर्ग खाली घेऊ, एका खोलीची अदलाबदल करायची, कुणाची हरकत नाही. मी चिडले. अक्षरशः तोंड फिरवून निघून आले, म्हटलं मला दया नको. किती साधी गोष्ट होती, एक खोली वर आणि एक खाली. गणित शिकवत होते ना, मग नंतर एकदा हिशेब केला. अडतीस चढायच्या, अडतीस उतरायच्या, दिवसातून तीनदा म्हणजे २२८, वर्षाचे २२० दिवस धरले तर ५०,१६०, वीस वर्षांत दहा लाखांच्या वर. त्या दहा लाख पायऱ्यांनी मला काय मिळालं सांगू? शाळेच्या गॅदरिंगला टाळ्या, आणि निवृत्तीच्या आधी दहा वर्षं संपलेलं शरीर.

हे असं का होतं ते ऐक, हे माझ्या डॉक्टरांनी मला सत्तेचाळिसाव्या वर्षी सांगितलं, आधी कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का माहीत नाही. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींचे स्नायूतंतूही आपल्याकडे घेतात. समज शाळेत दहा शिक्षक होते, सहा गेले, उरलेल्या चौघांनी स्वतःचे तास घेऊन शिवाय बाकीच्यांचे सगळे ऑफ तास रोज घ्यायचे. शाळा चालते, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण पंधरा-वीस-तीस वर्षांनी ते चौघेही बसतात. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. थकवा, दुखणं, आणि जो पाय चांगला म्हणून सगळा भार टाकला तोही कच्चा पडायला लागतो. त्यावर औषध नाही, ताकद जपून वापरायची एवढंच हातात असतं. आणि मी तर ती वीस वर्षं जिन्यावर उधळली होती.

२०१३ साली जुलैत, बाविसाव्या पायरीवर मी थांबले. पुढचं पाऊल येईना. चांगला पाय थरथरत होता, कुबडी पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर सरकत होती, आणि वरून आठवीची पोरं खाली येत होती. दोघींनी मला धरलं. मी त्यांच्यावर ओरडले, सोडा म्हणून. तेवढ्यात गेलेच खाली, चार पायऱ्या. पोलिओच्या पायाचं हाड बारीकच राहिलेलं, ते मांडीत मोडलं, आणि कुबडीच्या जोरावर तीस वर्षं अख्खं अंग उचलणारा उजवा खांदा, त्याचा स्नायू फाटला. तो आजतागायत नीट झालेला नाही. आज माझे केस कामाला येणारी मुलगी विंचरते. अंबाड्यात आकडा खोवायला माझा हात मागे जात नाही. पाय गेला होता त्याचं मला एवढं कधी वाटलं नव्हतं, पण हात मी माझ्या हाताने घालवला.

म्हणून म्हणते, खुर्ची घे. पडायच्या आधी. तू स्वारगेटला एसटीच्या पायरीवरून पडलीस, महिन्यात दुसऱ्यांदा, आणि लिहितेस की "फार काही लागलं नाही". फार काही लागेपर्यंत थांबायचंय का तुला? मला राग येतो असं कुणी लिहिलं की, खरंच येतो.

आता आईची भीती. "एकदा बसली की बसलीच." ही भीती साफ खोटी आहे असं मी म्हणणार नाही, स्नायू अजिबात न वापरला तर तोही आखडतो. पण चोवीस तास बसून राहा असं तुला कोण सांगतंय? फिजिओ सांगतील तेवढं घरात चाल, स्ट्रेचिंग रोज कर, त्यात आळस नको. पण पार्किंगपासून डेस्कपर्यंत, डेस्कपासून कँटीनपर्यंत भिंत धरधरून जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरायलाही हात उचलायचे नाहीत, याला व्यायाम म्हणत नाहीत. तुझ्यात तर नसा ठीक आहेत, स्नायूच झिजतोय आणि झिजलेला पुरता भरून येत नाही. दमेपर्यंत ताणून तो वाढणार नाही. दिवसाला जेवढी ताकद मिळते तेवढीच आहे, ती कुठे खर्च करायची ते तू ठरव, ऑफिसच्या कॉरिडॉरने ठरवू नये.

तू विचारशील, मग बाई तुम्ही का नाही बसलात? विचार, मीही उत्तर देईन. १९८८ ला नोकरीच्या मुलाखतीला गेले तर समितीतल्या एकाने पहिलाच प्रश्न विचारला, तुम्हाला धड उभं तरी राहता येतं का? मी पूर्ण मुलाखत उभ्याने दिली, खुर्ची पुढे केली तरी बसले नाही, आणि नोकरी मिळाली. तेव्हा अपंगांचा कायदाच नव्हता, तो पहिला आला १९९५ ला. खुर्चीत बसून गेले असते तर मला दारातूनच परत पाठवलं असतं, ही माझी आजही खात्री आहे. माझा तो हट्ट चुकला असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन, त्या हट्टावर माझं घर चाललंय, धाकट्या भावाचं शिक्षण झालंय. पण नोकरी पक्की झाली, माझी कुणी परीक्षा घेत नव्हतं, तरी मी पुढची वीस वर्षं त्या मुलाखतीतच उभी होते. ते चुकलं. हेडसरांना नाही म्हटलं ते तर फारच चुकलं.

आणि तुला नोकरी आहे, कायदा आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्यात नाव घेऊन आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, अजून काढलं नाहीस म्हणतेस, कारण दिव्यांग असा शिक्का नको. मला तो शब्द तसाही आवडत नाही, मी अपंगच म्हणते स्वतःला, पण शब्दावरून कार्ड सोडून देऊ नकोस, या महिन्यात अर्ज कर. तुझी कंपनी खासगी असली तरी समान संधीचं धोरण जाहीर करणं तिला त्या कायद्याने बंधनकारक आहे. एचआरला लेखी दे, खालच्या मजल्यावर जागा, रॅम्प, चाक आत जाईल असं टॉयलेट. मागायला लाजू नकोस. मी लाजले त्याची किंमत वर लिहिलीये.

आई तुला मुरलीकांत पेटकरांचे व्हिडिओ पाठवते ना? आपल्या इस्लामपूरकडचा माणूस, मला अतोनात आदर आहे. पण आईला म्हणावं नीट बघ. ते सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं, मग पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण आणलं. रिंगमध्ये परत उभं राहायचा हट्ट धरला असता तर ते पदक आलं असतं का? आणि नसीमा हुरजूक बघ, कोल्हापुरात खुर्चीवर बसून १९८४ ला त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, आमच्यासारख्या कितीतरी पोरापोरींना घर दिलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, कराडला, कोल्हापुरापासून दीड-दोन तासांवर, आणि फोटो काढताना कुबडी साडीमागे लपवत होते.

घेताना मेडिकलच्या दुकानातली ती दवाखान्यातली जड घडीची खुर्ची आणू नकोस. ती ढकलायला दुसरं माणूस लागतं, आणि मग खरंच वाटतं की आपण पेशंट आहोत. मापाची घे. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्याखालची उंची, आणि बसायला चांगली गादी, जखमा होऊ नयेत म्हणून. तुझ्या आजारात खांदेही कच्चे पडतात, त्यामुळे हाताने चाकं फिरवायचा उत्साह नको, बॅटरीचीच बघ. आयआयटी मद्रासमधून निघालेली निओफ्लाय आहे, मापाने बनवतात, पुढे मोटर जोडता येते. पण ती जमेल का, की जॉयस्टिकची लागेल, ते तुझ्या फिजिओला हात तपासून ठरवू दे.

मी घेतली २०१८ ला, बावन्नाव्या वर्षी. पहिल्या रविवारी भाचा प्रीतिसंगमावर घेऊन गेला. तिथे मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन. पण कुबडीवर चालणारा माणूस कायम खाली बघतो, ओलं कुठे आहे, फरशी कुठे उचकटलीये, बसायला कठडा किती लांब. त्या दिवशी मला खाली बघायचं कामच नव्हतं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात हे मी मुलांना नकाशावर दाखवलं होतं. पाण्यात ती रेघ दिसते गं, दोन रंगांची, पावसाळा असला की. तासभर बघत होते. भाचा म्हणाला, मावशी निघायचं का, दमली असशील. मी दमले नव्हते. संध्याकाळचे सात वाजले होते आणि मी दमले नव्हते, हे मला बावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं.

रविवारी ये, आईला घेऊनच ये. तिला सांग बाईंनी बोलावलंय, मग ती नाही म्हणणार नाही. मला तिला त्या खट्ट आवाजाचं सांगायचंय आणि माझा खांदा दाखवायचाय. घर तळमजल्याला आहे, दाराला उंबरा ठेवलेला नाही. शिवणाची टेप माझ्याकडे आहे, आधी तुझं माप घेऊ, मग जेवू.

तुझी,
बाई