गूगल खात्याची १५ जीबी जागा भरली. फोटो काढून टाकले तरी ती मोकळी का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की जागा भरल्यामुळे मेल येणं थांबलं, म्हणून गेल्या आठवड्यात मुलीचे लहानपणीचे बरेचसे फोटो काढून टाकले आणि तरी आकडा हलला नाही. बाकी सगळं नंतर. आधी गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये जा आणि ते फोटो परत आणा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे.

आकडा न हलण्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे ट्रॅश रिकामा होईपर्यंत त्यातलं सगळं जागा अडवतच राहतं. दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी'मध्ये, म्हणजे आकार थोडा कमी करून, बॅकअप झालेले फोटो या १५ जीबीत धरलेच जात नाहीत. जागा करायची म्हटली की आपण नेमके सगळ्यात जुने फोटो काढायला घेतो, आणि त्यातल्या बहुतेकांचं वजन शून्य असतं. ('ओरिजिनल'मध्ये, म्हणजे मूळ आकारात, चढवलेले असतील तर मात्र ते मोजले जातात.) शिवाय फोटोज ॲपमधून काढलेला फोटो फोनमधूनही जातो, हे कृपा करून लक्षात ठेवा.

मग जागा खातंय कोण? गूगल वन या गूगलच्या साठवणुकीच्या सेवेत स्टोरेजच्या पानावर त्याचा हिशेब दिसतो. माझ्या आईचं खातं असंच भरलं होतं. तिथे पाहिलं तर अर्ध्याहून जास्त जागा एकट्या व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपने घेतलेली. अँड्रॉइडवर हा बॅकअप आधी फुकट असायचा, २०२४ पासून तो याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. शुभ सकाळचे व्हिडिओ, हळदीचा एकच व्हिडिओ तीन ग्रुपांतून आलेला, सगळं रोज रात्री वर चढत होतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की मोठ्या फाइली आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. तिथून काढा, चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ बंद करा आणि नवा बॅकअप घ्या. पण सरसकट सगळं निवडून पुसू नका. आईच्या फोनमध्ये माझ्या मावशीचे आवाजातले निरोप होते आणि मावशी आता नाही. ते आधी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवले, मगच बाकीच्याला हात लावला. तुमच्याकडेही असं काही असेलच, ते आधी शोधा.

मेलमध्ये वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर, लगेच कोलन आणि १०एम असं सलग टाइप करा. १० एमबीहून मोठे मेल समोर येतील. ड्राइव्हमध्ये फाइली आकाराप्रमाणे लावून बघा. दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली त्यांच्या खात्यात मोजल्या जातात, त्या काढून काही मिळत नाही. शेवटी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांचेही ट्रॅश रिकामे करा. फोटोंचा मात्र मुलीचे फोटो परत आल्याची खात्री झाल्यावरच.

जागा विकत घ्यावी का, असंही विचारलंय. एवढं करूनही स्वतःच्या फोटोंनीच खातं भरत असेल तर जरूर घ्या. गूगल वनची जागा कुटुंबातल्या आणखी ५ जणांबरोबर वाटून वापरता येते, आईवडिलांचाही प्रश्न सुटेल. मात्र मधल्या दिवसांत पाठवणाऱ्याकडे परत गेलेले मेल आपोआप येणार नाहीत. शाळेचं, बँकेचं काही येणार होतं का ते आठवा आणि जागा झाल्यावर त्यांना पुन्हा पाठवायला सांगा.