मोठे व्हील टाकायचेत, पण पाठ नको मोडायला

(गाडी आणि टायरबद्दल वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, टायर अजून कंपनीचेच, १६५/८० आर १४, स्टीलचे रिम. बारीक चाकं बघून बघून कंटाळा आलाय, १७ इंची अलॉय टाकायचं डोक्यात आहे. टायरवाला म्हणतो २०५/४५ आर १७ टाका, टोटल उंची सेम टू सेम येते, काही फरक पडणार नाही. पण आईवडिलांना घेऊन कुंभार्ली घाटातनं चिपळूणला जाणं-येणं असतं आणि वडिलांना मणक्याचा त्रास आहे. टाकू का? – एक वाचक, कराड

उत्तर : टायरवाला खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. तुमच्या टायरचा हिशोब बघा, रुंदी १६५ मिलिमीटर, त्याच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमीची साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची भिंत), ती वर एक आणि खाली एक, मध्ये १४ इंची रिम, सगळं मिळून चाकाची उंची होते ६२० मिमीच्या आसपास. तो सांगतोय त्या २०५/४५ आर १७ ची उंची येते ६१६. म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक, स्पीडोमीटरला पत्तापण लागणार नाही, इथपर्यंत त्याचं बरोबर. पण १७ च्या टायरची साइडवॉल भरते फक्त ९२ मिमी. ४० मिमी रबर आणि हवा गेली आणि त्या जागी अलॉय आला, आणि वडिलांच्या मणक्याला सांभाळत होती ती नेमकी हीच हवा.

आपल्याला वाटतं की खड्डा सस्पेन्शन झेलतं, पण पहिला मार टायरच खातो. डांबराचे पॅच, पुलावरचे सांधे, रस्त्यावरची खडी असले बारीक हादरे शॉकॲब्सॉर्बरपर्यंत पोचायच्या आधीच जाड साइडवॉल पिऊन टाकते. पातळ साइडवॉलमध्ये हे सगळं थेट सीटमध्ये येतं. त्यात पावसाळ्यात घाटातल्या एखाद्या धारेच्या खड्ड्यात चाक आपटलं की टायर रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा दिसतो. फुग्याला पंक्चरसारखं ठिगळ लागत नाही, टायर बाद. आणि स्टीलचा रिम वाकला तर बऱ्याचदा ठोकून सरळ होतो, अलॉयला मात्र चीर जाते.

अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्या टायरवर साइजच्या पुढं ८५ लिहिलंय ना, तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. साध्या २०५/४५ आर १७ वर ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. दिसायला रुंद आणि पेलायला कमी! एक्सएल (जास्त भार पेलणारा) लिहिलेला घेतला तर ८८ मिळतो, पण त्याला हवा जास्त भरावी लागते आणि मग राइड आणखी कडक.

मग करायचं काय, तर १५ वर थांबा. स्विफ्टच्या टॉप मॉडेलला कंपनी स्वतःच १८५/६५ आर १५ देते, उंची ६२१ मिमी, साइडवॉल १२० मिमी, म्हणजे १२ मिमीच कमी होते आणि गाडी भरलेली पण दिसते. अलॉय घेताना ४ x १०० पीसीडी (म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार नट), मधलं भोक ५४.१ मिमी आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) ओरिजिनलच्या जवळपास, एवढं बघून घ्या. भोक मोठं असेल तर फट भरणारी सेंटर रिंग टाकून घ्या नाहीतर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि मग लोक उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालतात. नट अलॉयमध्ये ज्या खाचेत बसतात तिला जुळणारेच पाहिजेत, स्टीलच्या रिमचे तसेच वापरू नका, आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा परत टाइट करून घ्या. टॉप मॉडेलवाले हौशी लोक १७ टाकतात आणि त्यांचे कंपनीचे १५ चे अलॉय विकायला काढतात, ते मिळाले तर सोनं, फक्त आतल्या बाजूनं हात फिरवून चीर किंवा वेल्डिंग नाही ना ते तपासा.

दुकानात वजनकाटा असेल तर अलॉय त्याच्यावर ठेवायला सांगा. अलॉय म्हणजे हलकंच असं काही नाही, स्वस्तातले काही चांगलेच जड भरतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते वाढलं की खड्ड्यातनं वर उडालेलं चाक शॉकॲब्सॉर्बरला आवरत नाही आणि गाडी धडधड करते. दुकानदार हसला तर हसू दे.

आणि खरं सांगू का, तुमचे टायर २०१९ चे आहेत म्हणजे रबर आत्ताच कडक झालेलं असणार. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला माल. ग्रिप किती का शिल्लक दिसेना, इतकं जुनं रबर घेऊन घाटात जाऊ नका, अलॉय पुढं ढकललात तरी चालेल पण टायर आत्ता बदला. नुसते १४ चे नवीन घातलेत तरी वडिलांना फरक जाणवेल.

प्रश्न : माझ्याकडं क्रेटाचं खालचं व्हेरिएंट आहे, २०५/६५ आर १६. वरच्या व्हेरिएंटचे २१५/६० आर १७ बसवले तर राइड बिघडेल का? सगळे म्हणतात रिम मोठा केला की कडक होतेच. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या केसमध्ये तसं होत नाही, कारण इथं कंपनीनं रिम वाढवताना टायर पण वाढवलाय. तुमची आत्ताची साइडवॉल १३३ मिमी आहे, १७ वाल्याची १२९. चारच मिमी गेले, तेवढ्यानं कोथरूडच्या स्पीडब्रेकरवर काही कळायचं नाही. म्हणून रिमचा आकडा बघून घाबरू नका आणि हुरळू पण नका, साइडवॉल किती उरते ते बघा.

फरक उंचीत आहे. ६७३ मिमीचं चाक ६९० चं होतं, म्हणजे अडीच टक्के. आत्ता काट्यावर १०० दिसताना जो खरा स्पीड असतो, तो नवीन चाकांवर अडीचनं जास्त असेल आणि ओडोमीटर तेवढंच कमी मोजेल, त्यामुळं बदलल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून लगेच बोंब मारू नका, त्यात थोडा हिशोबाचा पण खेळ असतो. बसवून झाल्यावर मागं तिघांना बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच एखाद्या स्पीडब्रेकरवरनं काढा आणि आतलं प्लॅस्टिक घासतंय का ते ऐका. रिकाम्या गाडीवर केलेली टेस्ट काही कामाची नाही. स्टेपनी जुनी १६ चीच राहिली तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, लांबच्या प्रवासाला नाही. आणि बदल इन्शुरन्स कंपनीला मेलवर कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

प्रश्न : मोठे अलॉय टाकल्यापासून गाडी आपटते, म्हणून मी सगळीकडं ५-६ पीएसआय हवा कमी ठेवतो. नायट्रोजन भरला तर आणखी मऊ होईल का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असं अजिबात करू नका. लो प्रोफाइल, म्हणजे पातळ साइडवॉलच्या टायरमध्ये हवा कमी म्हणजे खड्ड्यात रिम थेट रस्त्याला टेकणार. त्यात तुमच्या दारात समृद्धी महामार्ग, सिमेंटचा रस्ता, विदर्भाचा उन्हाळा, सलग १०० च्या पुढचा स्पीड. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतनं तापत जातो, टायर फुटतात त्यातलं हे नेहमीचं कारण. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर प्रेशरचा स्टिकर असतो, पण तो ओरिजिनल साइजचा, त्यामुळं नवीन साइजला तेवढंच लोड पेलायला किती हवा लागते ते टायर कंपनीच्या लोडच्या तक्त्यावरनं काढून घ्या आणि सकाळी गाडी थंड असताना भरा. हायवेवर मध्येच चेक केलं तर तीन-चार पीएसआय जास्त दिसेल, ती गरम हवा आहे, काढून टाकू नका.

नायट्रोजननं राइड मऊ होत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तोपण फुकट. आपटायचं थांबवायचं असेल तर रिम एक साइज लहान घ्या आणि एकूण तेवढ्याच उंचीचा जाड साइडवॉलचा टायर घ्या. गाडीचं रनिंग बरंच झालं असेल तर त्याआधी शॉकॲब्सॉर्बरला तेल सुटलंय का आणि त्याच्या वरचे रबरी माउंट दबलेत का ते बघून घ्या, नाहीतर टायर बदलूनही आवाज तसाच राहील.