‘महाभियोग’ नेमके कशाला म्हणावे? क्लिंटन प्रकरणाच्या निमित्ताने

एका वाचकांनी विचारले आहे की अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविषयी मराठीत दोन तऱ्हेची वाक्ये वाचायला मिळतात. ‘क्लिंटन हे महाभियोग झालेले दुसरे अध्यक्ष होत’ असे एके ठिकाणी असते, तर ‘क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचा प्रस्ताव फेटाळला गेला’ असे दुसऱ्या ठिकाणी. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतील, आणि महाभियोग ‘होतो’, ‘चालतो’ की ‘लावला जातो’, असा त्यांचा प्रश्न आहे.

पहिले वाक्य बरोबर आहे आणि दुसरे चुकीचे. अमेरिकी राज्यघटनेत ‘इम्पीचमेंट’ म्हणजे अधिकारपदावरील व्यक्तीवर प्रतिनिधिगृहाने रीतसर आरोप ठेवणे, एवढाच अर्थ आहे. त्या आरोपांची सुनावणी करून दोषी की निर्दोष हे ठरवण्याचे काम सिनेटचे. क्लिंटन यांच्यावर आरोप ठेवले गेले, म्हणजेच महाभियोग झाला. पुढे सिनेटमध्ये ते आरोप टिकले नाहीत, म्हणून त्यांचे पद राहिले. जो प्रस्ताव मंजूर झाला होता तो ‘फेटाळला गेला’ असे म्हणता येणार नाही.

घटनाक्रम डोळ्यांपुढे ठेवला की हा फरक आपोआप उलगडतो. १९९४ सालापासून क्लिंटन दांपत्याच्या आर्कान्सामधील जमीनव्यवहाराची चौकशी करणारे स्वतंत्र सरकारी वकील केनेथ स्टार यांच्याकडे जानेवारी १९९८ मध्ये मोनिका लेविन्स्की प्रकरणाचाही, म्हणजे व्हाइट हाउसमधील या प्रशिक्षणार्थी तरुणीशी क्लिंटन यांच्या असलेल्या संबंधांच्या प्रकरणाचाही, तपास आला. त्यांचा अहवाल ९ सप्टेंबर १९९८ रोजी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पोहोचला आणि दोनच दिवसांनी तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने आरोपांची चार कलमे तयार केली. १९ डिसेंबर १९९८ रोजी त्यांवर स्वतंत्र मतदान झाले आणि दोन कलमे मंजूर झाली. ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) शपथेवर खोटी साक्ष दिल्याचे कलम २२८ विरुद्ध २०६ मतांनी, तर न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचे कलम २२१ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले. उरलेली दोन कलमे मात्र नामंजूर झाली, त्यामुळे ‘फेटाळले गेले’ हा शब्दप्रयोग करायचाच असेल तर तो फक्त या दोन कलमांपुरता करता येईल. प्रतिनिधिगृहात साध्या बहुमताने काम भागते, आणि त्या दिवशी क्लिंटन हे अँड्र्यू जॉन्सन यांच्यानंतर, म्हणजे १८६८ नंतर, महाभियोग झालेले दुसरे अध्यक्ष ठरले.

सिनेटमधील खटला जानेवारी १९९९ मध्ये सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाला आणि १२ फेब्रुवारीला निकाल लागला. खोट्या साक्षीच्या कलमावर ४५ सदस्यांनी दोषी व ५५ सदस्यांनी निर्दोष असे मत दिले, तर दुसऱ्या कलमावर मते ५०-५० अशी विभागली गेली. दोषी ठरवण्यासाठी उपस्थित सदस्यांच्या दोनतृतीयांश, म्हणजे त्या दिवशी ६७ मते लागणार होती. जॉन्सन यांच्या वेळी ३५ विरुद्ध १९ असे मतदान होऊन अवघे एक मत कमी पडले होते. क्लिंटन यांच्या बाबतीत असा अटीतटीचा प्रसंग आलाच नाही.

आता शब्दाकडे वळू. ‘महाभियोग’ची फोड महा + अभियोग अशी आहे, आणि अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. हा अर्थ फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘अभियोगमनिस्तीर्य नैनं प्रत्यभियोजयेत्’ असे वचन आहे. आपल्यावरील आरोपाचे निरसन केल्याशिवाय प्रतिवादीने फिर्याद करणाऱ्यावर उलट आरोप करू नये, असा त्याचा आशय. म्हणजे अभियोग ही न्यायाच्या वाटेवरील पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. मराठी कायदेव्यवहारात ‘सरकारी अभियोक्ता’ हा शब्द रूढ आहे. तो आरोप मांडतो, निकाल देत नाही. या कुळातला महाभियोग हा शब्द अमेरिकी इम्पीचमेंटसाठी अगदी नेमका आहे, असे माझे मत आहे. गोंधळ होतो तो ‘महा’ या उपपदामुळे. हे ‘महा’ आरोपाचा विषय झालेल्या पदाच्या मोठेपणाचे निदर्शक आहे, पण वाचकाला ते निकालाच्या भीषणतेचे वाटते आणि महाभियोग म्हणजे थेट हकालपट्टी अशी समजूत होऊन बसते.

मूळ इंग्रजी शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पेदिका’ म्हणजे पायातली बेडी हा शब्द आहे. मराठीतला ‘पायबंद’ हा शब्द अर्थाने त्याचा जुळा भाऊ शोभेल. इंग्लंडच्या पार्लमेंटात राजाच्या मंत्र्यांना असा पायबंद घालण्याची ही रीत मध्ययुगापासून होती, आणि तिथेही आरोप कॉमन्स सभागृहाने ठेवायचा व न्याय लॉर्ड्‌स सभागृहाने करायचा, अशीच विभागणी होती.

या रीतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर कॉमन्सचे सदस्य एडमंड बर्क यांनी १७८६ साली जे आरोप मांडले, त्यांत रोहिला युद्ध, काशीचा राजा चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्याबरोबर मराठ्यांशी केलेले युद्ध आणि तह हाही विषय होता. पहिले इंग्रज-मराठा युद्ध आणि १७८२ चा साल्बाईचा तह अशा रीतीने लंडनच्या चर्चेत पोहोचला. कॉमन्सने मे १७८७ मध्ये हेस्टिंग्जवर महाभियोग केला, आणि त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार होत होती. ८ सप्टेंबर १७८७ रोजी व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी आक्षेप घेतला की महाभियोगाची कारणे राजद्रोह व लाचखोरी एवढ्यांपुरतीच ठेवली, तर अनेक मोठे व धोकादायक अपराध सुटून जातील. हेस्टिंग्ज काही राजद्रोहाचा दोषी नाही, असे सांगून मेसन यांनी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. तो फार मोघम असून त्यामुळे अध्यक्षाचा कार्यकाळ सिनेटच्या मर्जीवर राहील, असे जेम्स मॅडिसन म्हणाले, तेव्हा मेसन यांनी तो मागे घेऊन आजचे ते प्रसिद्ध शब्द घातले : ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’. या शब्दांची व्याख्या घटनेत कुठेही नाही. अध्यक्षाने खाजगी संबंध लपवण्यासाठी शपथेवर खोटे बोलणे या शब्दांत बसते काय, हाच १९९८-९९ मधील वादाचा गाभा होता. ‘उच्च गुन्हे व किरकोळ अपराध’ असे त्यांचे शब्दशः मराठीकरण मला अयोग्य वाटते, कारण येथील ‘हाय’ हा राज्यसंस्थेविरुद्ध, उच्च पदाच्या विश्वासाविरुद्ध या अर्थाचा आहे. ‘राज्यपदाचा विश्वासघात करणारे गंभीर गुन्हे व गैरवर्तन’ असे लांब पण स्पष्ट म्हणावे.

मग मराठीत महाभियोग म्हणजे पदच्युती असा समज कुठून आला? माझ्या मते त्याचे कारण आपल्याच संविधानात आहे. अनुच्छेद ५६ नुसार संविधानाचा भंग केल्याबद्दल राष्ट्रपतींना महाभियोगाद्वारे पदावरून दूर करता येते, आणि अनुच्छेद ६१ नुसार एका सभागृहाने आरोप ठेवायचा व दुसऱ्याने अन्वेषण करून ठराव करायचा. म्हणजे आपल्याकडे महाभियोग हे आरोपापासून पदच्युतीपर्यंतच्या संपूर्ण प्रक्रियेचे नाव आहे आणि आरोप हा तिचा एक टप्पा. अमेरिकी घटनेची शब्दयोजना वेगळी आहे : तिथे ‘महाभियोग होऊन व दोषी ठरल्यावर’ पदावरून दूर करावे, असे दोन टप्पे वाक्यातच वेगळे केले आहेत. एकच शब्द दोन घटनांत दोन आवाक्यांनी वापरला गेला आहे, आणि भारतीय आवाक्याची सवय झालेला वाचक अमेरिकेची बातमी वाचताना अडखळतो, यात नवल नाही. त्यात भर म्हणजे न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावालाही आपली वृत्तपत्रे महाभियोग म्हणतात, जरी अनुच्छेद १२४ मध्ये तो शब्द नाही. १९९३ साली न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिल्यामुळे बारगळला. ‘महाभियोगाचा प्रस्ताव फेटाळला’ हा ठोकळा त्या काळी मराठी वाचकाच्या कानावर सतत पडत होता, आणि सहाच वर्षांनी तोच क्लिंटन यांच्या बातमीला जोडला गेला असावा, असा माझा तर्क आहे.

आता क्रियापदांविषयी. अमेरिकेच्या संदर्भात ‘प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग केला’ किंवा ‘महाभियोगाची दोन कलमे मंजूर केली’ असे लिहावे, आणि पुढच्या टप्प्यासाठी ‘सिनेटमध्ये महाभियोगाचा खटला चालला’ असे. ‘महाभियोग चालवणे’ हा प्रयोग भारतीय प्रक्रियेला शोभतो, कारण तिथे शब्द सगळ्या प्रक्रियेला व्यापतो. ‘लावणे’ मात्र मला खटकते. कलम लावतात, महाभियोग लावत नाहीत. प्रतिनिधिगृहाच्या वतीने सिनेटपुढे बाजू मांडणाऱ्या, हेन्री हाइड यांच्या नेतृत्वाखालील १३ सदस्यांना इंग्रजीत ‘मॅनेजर’ म्हणतात. त्यांना मराठीत व्यवस्थापक म्हणण्यापेक्षा ‘अभियोक्ते’ म्हणावे, म्हणजे शब्दांचे नातेही टिकते. याच न्यायाने ‘निक्सन यांना महाभियोगाने घालवले’ हे वाक्यही सुधारून घेतले पाहिजे. जुलै १९७४ मध्ये समितीने तीन कलमे मंजूर केली होती, पण पूर्ण सभागृहाचे मतदान होण्यापूर्वीच, ९ ऑगस्ट रोजी, निक्सन राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांच्यावर महाभियोग झालाच नाही.

‘निर्दोष’ या शब्दाबाबतही थोडे थांबायला हवे. पेनसिल्वेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी आपले मत देताना स्कॉटलंडच्या कायद्याचा आधार घेऊन ‘सिद्ध झाले नाही’ असे उत्तर दिले. त्यांना दोषी म्हणायचे नव्हते आणि निर्दोष म्हणणेही त्यांच्या मनाला पटत नव्हते. नोंद अर्थातच ‘दोषी नाही’ अशी झाली, कारण सिनेटच्या मतदानात तिसरा पर्याय नसतो. मराठीत ‘निर्दोष’ म्हटले की डागच नाही असा अर्थ येतो, म्हणून क्लिंटन यांच्याविषयी ‘सिनेटने त्यांना आरोपांतून मुक्त केले’ असे म्हणणे अधिक काटेकोर होईल. ज्या साक्षीवरून हा आरोप उभा राहिला, तिच्यातील एक उत्तर तर शब्दचर्चेचाच विषय व्हावे असे आहे. जानेवारी १९९८ मध्ये पॉला जोन्स यांनी क्लिंटन यांच्यावर लावलेल्या दाव्यातील जबानीच्या वेळी क्लिंटन यांच्या वकिलांनी ‘कोणत्याही प्रकारचा संबंध नाही’ असे सांगितले होते. ते विधान खोटे नव्हते काय, असे १७ ऑगस्टला ग्रँड ज्युरीपुढे विचारले गेले, तेव्हा क्लिंटन म्हणाले की ‘आहे’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा यावर ते अवलंबून आहे. वर्तमानकाळापुरते पाहिले तर विधान खरे, ‘आहे आणि कधीही नव्हता’ असा अर्थ घेतला तर गोष्ट वेगळी. लोकांनी त्याची खूप थट्टा केली, पण व्याकरणाच्या दृष्टीने मुद्दा पोकळ नाही. मराठीतही ‘माझा त्यांच्याशी संबंध नाही’ आणि ‘माझा त्यांच्याशी संबंध नव्हता’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पहिले वाक्य ऐकणारा दुसरेही गृहीत धरतो.

शेवटी ‘शिक्षा’ या शब्दाविषयी, कारण ‘क्लिंटन यांची शिक्षा टळली’ असेही लिहिलेले आढळते. अमेरिकी घटनेप्रमाणे महाभियोगाच्या खटल्यात पदावरून दूर करणे आणि पुढे कोणतेही पद धारण करण्यास अपात्र ठरवणे, यापलीकडे सिनेटला काही करता येत नाही. दंड किंवा कारावास हा नेहमीच्या न्यायालयांचा विषय आहे. क्लिंटन यांना एप्रिल १९९९ मध्ये आर्कान्सामधील न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि जानेवारी २००१ मध्ये त्यांची त्या राज्यातील वकिलीची सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली, ते सर्व सिनेटच्या निकालापासून अलग होते. पदच्युती आणि अपात्रता यांसाठीही सिनेटमध्ये वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात. फ्लोरिडाचे संघीय न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज यांना सिनेटने १९८९ मध्ये पदच्युत केले पण अपात्र ठरवले नाही, आणि म्हणूनच १९९२ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून येऊ शकले. डिसेंबर १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावरील कलमांवर ज्या सभागृहाने मतदान केले, त्याचे ते सदस्य होते.