मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त आणि एचडीआर

प्रश्न: ताई, नवीनच कॅमेरा घेतलाय. नरिमन पॉइंटला उभं राहून मलबार हिलकडे सूर्यास्ताचे कमी-जास्त उजेडाचे ३ फोटो काढले आणि एचडीआर करून (म्हणजे उजळ आणि काळोख्या दोन्ही भागांतला तपशील एकाच फोटोत आणून) जोडले, तर इमारतींच्या कडांना पांढरट झालर आली आणि समोरून जाणारी माणसं भुतासारखी अर्धवट दिसतायत. काय चुकलं?

उत्तर: अहो, पहिल्याच वेळी ३ एक्स्पोजर घेतलेत हेच छान केलंत! झालर येते ती जोडताना सॉफ्टवेअरमधला एचडीआरच्या तीव्रतेचा स्लायडर फार ओढल्यामुळे, तो निम्म्यावर आणा, सावलीला सावलीच राहू द्या, संध्याकाळी टेट्रापॉड (किनाऱ्यावरचे ते काँक्रीटचे ठोकळे) काळपटच दिसतात ना डोळ्यांनासुद्धा. माणसं अर्धवट दिसतात कारण तिन्ही फोटोंत ती वेगवेगळ्या जागी असतात, सॉफ्टवेअरमध्ये डीघोस्ट असतं ते चालू करा, तरी लाटा थोड्या दगा देतातच.

आणि मुख्य म्हणजे कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं भोक किती उघडं ते), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० पक्कं, बदलायचा फक्त शटर, म्हणजे प्रकाश आत यायचा वेळ. मधला फोटो १/६० सेकंदाला बरोबर येत असेल तर २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी म्हणजे १/२५०, २ जास्त म्हणजे १/१५, आणि १/१५ ला हात हलतोच, म्हणून ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा सरळ कठड्यावर ठेवा, खाली रुमालाची घडी, २ सेकंदांचा टायमर लावा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच) काढा हं. पुढच्या रविवारी परत जा, सूर्य टेकायच्या अर्धा तास आधी पोचा.