इवाकुनी: किल्ला, पूल आणि तळ

प्रश्न: हिरोशिमाहून एका दिवसात इवाकुनीचा किल्ला पाहायचा आहे. तिथल्या अमेरिकी तळावरही जाता येते का?

उत्तर: हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या साध्या गाडीने सुमारे ५० मिनिटांत इवाकुनी स्टेशन येते, पुढे बसने सुमारे २० मिनिटांत किन्ताइक्यो पूल. शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) शिन-इवाकुनीला थांबते. ते वेगळे स्टेशन आहे, इथेच अनेकांची गफलत होते.

पूल, रोपवे आणि किल्ला यांचे एकत्रित तिकीट पुलाजवळच घ्या. पाच कमानींचा हा लाकडी पूल मूळचा १६७३चा. १९५०च्या वादळी पुरात वाहून गेला, १९५३ मध्ये पुन्हा उभा राहिला. कमानींवर पायऱ्या आहेत, पावसात त्या निसरड्या होतात. रोपवेनंतरही थोडी चाल आहे. किल्ल्याकडून मात्र फार अपेक्षा नको: १६०८चा मूळ किल्ला शोगुनशाहीच्या (तेव्हाच्या जपानी लष्करी राजवटीच्या) हुकुमाने १६१५ मध्येच पाडला गेला, आजची इमारत १९६२ची, काँक्रीटची. वरून दिसणारा नदीचा वळसा हेच खरे आकर्षण.

तळावर एरवी प्रवेश नाही. सहसा मे महिन्यात होणाऱ्या ‘फ्रेंडशिप डे’ला तो खुला होतो, पासपोर्ट मूळच न्या. त्या दिवशी गाड्या खचाखच भरतात, त्यामुळे किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवा.