सिस्टर हातमोजे का घालतात?

बीडकडून आलेली एक आई मुलाच्या कॉटपासून दोन हात लांब स्टुलावर बसायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा ८ वर्षांचा. रक्ताचा कर्करोग, केमोचा तिसरा आठवडा; केस गळत होते, तोंड आलं होतं. सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "रात्री तो आईला हाका मारतो. ती उठून उभी राहते, पण हात लावत नाही."

मी त्या आईंना समजावलं, हा आजार शिवल्यानं होत नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी स्टूल तिथंच. माझी चूक झाली होती. त्यांना भीती कशाची वाटते, हे न विचारताच मी उत्तर देऊन मोकळी झाले होते.

विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, ते लाल औषध लावताना सिस्टर दोन-दोन मोजे घालतात, वरून गाऊन. सिस्टरच एवढ्या भितात, अन् तेच औषध माझ्या लेकराच्या अंगात चाललंय. त्याची लघवी पण लाल झाली. घरी धाकटी आहे माझी, ती याच हातानं जेवती. आन् पेशी कमी झाल्यात म्हणं, माझाच जंतू लागला त्याला तर?"

उत्तर सिस्टरांनी दिलं. औषध संपल्यावर त्यांनी मोजे, गाऊन काढून डब्यात टाकले, साबणानं हात धुतले आणि कॉटवर बसून मुलाचं पाऊल उघड्या हातात घेतलं. "ताई, मी रोज, वर्षानुवर्षं ही औषधं हाताळते. मोजे औषधासाठी आहेत, लेकरासाठी नाहीत. लघवीचा तो रंग औषधाचा, रक्त नाही ते." डोस झाल्यावर साधारण ४८ तास लघवी, उलटी साफ करताना मात्र मोजे घालायचे, माखलेले कपडे वेगळे धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करू नये. जंतूंचं म्हणाल, तर हात धुवून खुशाल कुशीत घ्या. सर्दी-तापाच्या माणसाला तेवढं लांब ठेवा.

मग सिस्टरांनी मिठाच्या पाण्याचा पेला आईंच्याच हातात दिला. त्यांनी हात धुतले, मुलाच्या कपाळाला हात लावून चूळ भरायला लावली. तोंड झोंबलं, तो रडला, आणि रडता रडता आईच्या पोटात तोंड खुपसून पडून राहिला. मी बाहेर आले. तिथं माझं काम नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी नवी अडचण आली, आईंना वाचता येत नव्हतं. केमोत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप थांबून बघण्याचा नसतो. घरीच पॅरासिटामॉल दिलं तर तो दबतो आणि अँटिबायोटिकला उशीर होतो. सिस्टरांनी कार्डावर ठळक '१००.४' लिहिलं आणि थर्मामीटरवरचे आकडे त्याच्याशी ताडून बघायला तीनदा लावलं. एवढा किंवा याहून जास्त दिसला की निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.